एका ख्रिस्ती संसाराची मराठमोळी कहाणी

मार्गशीर्षातील गुरुवारची महालक्ष्मीची पूजा आटोपत येते, घरोघर उद्यापनाची हळदीकुंकवे चालू असतात, आणि त्याच सुमारास आळीतील एखाद्या ख्रिस्ती बिऱ्हाडाच्या दारावर कागदी चांदणी लागते. आत कंदील तेवत असतो. मग एके दिवशी जाळीदार रुमालाने झाकलेले ताट आपल्या उंबऱ्याशी येते. त्यात केकची एखादी वडी असते खरी. परंतु बाकीचा ऐवज आपल्या ओळखीचाच असतो. करंज्या, चकल्या आणि शंकरपाळे! दिवाळीत आपण दिलेल्या ताटाचीच ही परतफेड असते. ते ताट हाती घेताना आपल्यापैकी किती जणांच्या मनात आले असेल, की या घरातील माणसे देवघरात काय म्हणत असतील, मुलांना काय शिकवीत असतील, आणि आपल्या घरापासून ही वाट कधी व कशी वेगळी झाली असेल?

या प्रश्नाचे उत्तर देणारा एक संसार मराठी साहित्यात अजरामर होऊन बसला आहे. तो आहे रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांचा. आज नाताळच्या निमित्ताने त्या घराचे दार थोडे उघडून पाहू या. मोठा कवी आणि थोर लेखिका म्हणून या दोघांची ओळख सर्वांना आहे. आपण मात्र आज त्यांच्याकडे तरुण आईबाप म्हणून पाहणार आहोत.

करजगावचा मुलगा

नारायण वामन टिळक हे मूळचे आपल्या कोकणचे. रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव हे त्यांचे जन्मगाव आणि ६ डिसेंबर १८६१ ही त्यांची जन्मतारीख. ते दापोली तालुक्यातले, आणि लोकमान्य टिळकांचे मूळ गाव चिखलगाव हेही त्याच तालुक्यातले. एकाच आडनावाची दोन घराणी, एकाच लाल मातीतली. परंतु एका टिळकांनी देशास स्वराज्याचा मंत्र दिला, तर दुसऱ्यांनी देवाच्या शोधात सारे आयुष्य वेचले. याच जिल्ह्यातील मालगुंड येथे १८६६ साली केशवसुत जन्मले. मराठी कवितेने नवी वाट धरली त्या काळातील दोन कवी या एका जिल्ह्याने दिले, ही गोष्ट रत्नागिरीकरांनी अभिमानाने सांगावी अशीच आहे.

नारायणरावांचे घर चित्पावन ब्राह्मणाचे. आई जानकीबाई भाविक व काव्याची आवड असलेली. मुलाच्या मनावर पहिला संस्कार तिच्याच भक्तीचा झाला. पण आईचे छत्र लवकर हरपले आणि मुलगा घराबाहेर पडला. नाशिकात गणेशशास्त्री लेले यांच्यासारख्या विद्वानापाशी त्याचे संस्कृताचे अध्ययन झाले. पुराण सांगावे, कीर्तन करावे, शाळेत शिकवावे, आणि एखाद्या गावी मन रमेनासे झाले की दुसऱ्या गावची वाट धरावी, असा त्यांचा स्वभाव अखेरपर्यंत राहिला.

१८८० च्या सुमारास नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका लक्ष्मी होऊन त्यांच्या घरी आली. तिचे वय अवघे अकरा-बारा वर्षांचे! तिचा जन्म १८६८ चा. वडिलांचे सोवळे इतके कडक, की सारे घर त्याच्या धाकात वावरे. अशा घरात वाढलेल्या मुलीस पुढे कोणत्या दिव्यातून जावे लागणार होते, याची त्या वेळी कोणाला कल्पना असणार?

दुभंगलेला संसार

नागपुरास अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने टिळकांनी 'ऋषी' नावाचे मासिक चालविले. वेदशास्त्रांचे वाचन, मनन आणि त्याबरोबरच अनेक प्रश्नांचे काहूर अशी त्यांची त्या काळी अवस्था होती. जातिभेदाने पोखरलेल्या आपल्या समाजाचे कसे होणार, ही चिंता त्यांना जाळीत होती. पुढे राजनांदगावच्या वाटेवर आगगाडीच्या डब्यात एका युरोपीय सहप्रवाशाशी त्यांची गाठ पडली. त्याने त्यांना बायबलातील 'नवा करार' वाचावयास दिला. कुतूहलाने उघडलेल्या त्या पुस्तकातील डोंगरावरील प्रवचनाने टिळकांचे मन काबीज केले. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

वाचकहो, क्षणभर त्या घराचा विचार करा. पत्नी सत्तावीस वर्षांचीही नाही. आधीची अपत्ये देवाने परत नेलेली. पदरी एकुलता एक मुलगा दत्तू, १८९१ साली जन्मलेला, जेमतेम चार वर्षांचा. आणि पती धर्मांतर करतो! त्या काळी धर्मांतर म्हणजे जिवंतपणीचा मृत्यू. कुटुंबाच्या दृष्टीने तो माणूस गेला. पत्नी मात्र ना सधवा ना विधवा. तिचे कुंकू शाबूत, पण त्या कुंकवाचा धनी पंक्तीबाहेर. माहेरच्या माणसांचा आकांत झाला तो काही दुष्टपणामुळे नव्हे. ज्या श्रद्धेवर त्यांचे सारे जीवन उभे होते, तिलाच तडा गेला होता. आजही आपल्या घरात असे काही घडले, तर आपण वेगळे वागू अशी खात्री कोणी द्यावी?

थोरली बहीण भिकूताई व मेहुणे यांनी लक्ष्मीबाईंना पोटाशी धरले. या विरहाचे काही दिवस त्यांनी पंढरपुरास काढले. ज्या नगरीत लक्षावधी जीव आपले दुःख विठ्ठलाच्या पायी वाहतात, तेथेच या परित्यक्तेने आपले दुःख कवितेच्या ओळींत गुंफण्यास आरंभ केला. जोडाक्षरांशी झटापट करणारी ही बाई कवयित्री झाली ती या वेदनेमुळे!

त्या काळी एक कायदाही होता. १८६६ च्या त्या कायद्याप्रमाणे, धर्मांतर केलेल्या मनुष्यास त्याचा जोडीदार त्याच कारणाने सोडून राहिला, तर न्यायालयाकडून विवाह मोडून घेता येत असे आणि दुसरा विवाह करता येत असे. टिळकांनी ती वाट धरली नाही. त्यांनी वाट पाहिली. पत्रे पाठविली, कविता पाठविल्या, स्वतः भेटीस गेले. रुसवे झाले, भांडणे झाली. पण नाते तोडले नाही. लक्ष्मीबाईंनीही ते तोडले नाही. धर्म दोन झाले, तरी संसार एकच आहे ही गाठ दोघांच्याही मनात पक्की होती.

सोवळ्याची चूल

चार-पाच वर्षांच्या या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई दत्तूला घेऊन अहमदनगरास पतीकडे आल्या. परंतु आल्या त्या आपले सोवळे बरोबर घेऊनच. पती अमेरिकन मिशनच्या धर्मशिक्षणसंस्थेत शिकविणारा ख्रिस्ती पंडित. पत्नी आपली चूल, आपले पाणी व आपली भांडी वेगळी ठेवणारी ब्राह्मण गृहिणी! एका घरात दोन धर्म नांदू लागले. टिळकांनी तिच्यावर सक्ती केली नाही, ही गोष्ट विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्यांचा स्वभाव रागीट होता. क्षणात भडकत आणि क्षणात विरघळत. तथापि, श्रद्धेच्या बाबतीत त्यांनी पत्नीस तिच्या गतीने चालू दिले.

आणि एके दिवशी लक्ष्मीबाईंच्याच मनात विचारांची उलथापालथ झाली. देवाने स्त्री आणि पुरुष निर्माण केले. मग या असंख्य जाती कोणी निर्माण केल्या? माणसानेच ना? मग माणसाने केलेला भेद देवाचा म्हणून आपण का पाळावा? कोणाचे प्रवचन ऐकून नव्हे, तर स्वतःच्या बुद्धीने त्या या निष्कर्षाप्रत आल्या, आणि त्या दिवसापासून कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास त्यांनी मागेपुढे पाहिले नाही. त्यानंतर, १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. चोखोबा, तुकोबा व एकनाथमहाराज यांनी जे शतकानुशतके सांगितले, तेच या बाईला चुलीपुढे बसून उमगले. संतांचा तो उपदेश आपण मुखाने गातो. वागणुकीत किती आणतो, याचे उत्तर ज्याने त्याने आपल्या मनाशी द्यावे.

त्या घरातील एक दिवस

हे घर होते तरी कसे? लक्ष्मीबाईंनी आपल्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात त्याचे जे दर्शन घडविले आहे, ते वाचताना हसू आणि आसू एकदमच येतात. या ग्रंथाचा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. त्यात कोठेही उपदेश नाही, कोणाविरुद्ध तक्रार नाही. आहे तो एका मराठी गृहिणीचा निर्मळ, मिस्कील आवाज.

घरधनी अत्यंत उदार. हाती पैसा आला की तो दुसऱ्या हाताने गेलाच म्हणून समजावे. दारी कोण, केव्हा आणि किती जण जेवावयास येतील याचा नेम नाही. पाहुण्यांना घेऊन यजमान दारात उभे आणि डब्यात पीठ नाही, असा प्रसंग ज्या गृहिणीवर आला असेल, तिला लक्ष्मीबाईंची तारांबळ वेगळी सांगावयास नको. तरीही त्या घरातून कोणी उपाशी गेले नाही. भाकरी, आमटी, चटणी असे साधे मराठी जेवण, नेसणे लुगड्याचे, बोलणे ठसकेबाज नाशिककडचे. धर्म बदलला म्हणून चूल, पदर आणि जीभ बदलली पाहिजे, असे त्या घराने कधी मानले नाही. साहेबी थाटाचे अनुकरण टिळकांना मुळीच रुचत नसे.

सकाळ-संध्याकाळ सर्वांनी एकत्र बसून प्रार्थना करावी, शास्त्रातील उतारा वाचावा आणि भजन म्हणावे, हा ख्रिस्ती घरातील परिपाठ. आपल्याकडे तिन्हीसांजेला दिवा लावून शुभंकरोती व परवचा होतो, तसेच हे. रविवारी उपासना. पण या घराची खरी पूजा होती ती निराळीच. १८९९-१९०० चा तो भीषण दुष्काळ, ज्याला लोक छप्पन्नाचा दुष्काळ म्हणून ओळखतात, आणि त्याच्या मागेपुढे प्लेगचे थैमान! माणसे पटापट मरत होती, मुले पोरकी होत होती. अशा मुलांना या जोडप्याने पंखांखाली घेतले. आधी स्वतःच्या सावलीलाही जपणाऱ्या लक्ष्मीबाई आता कोणत्याही जातीच्या मुलाचे अंग पुशीत होत्या, त्याला घास भरवीत होत्या, प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. स्वतःची लेकरे गमावलेल्या आईच्या कुशीत परक्यांची लेकरे आली. दत्तू आणि कन्या तारा यांना आपल्या वाट्याचे आईबाप कितीतरी भावंडांत वाटून घ्यावे लागले.

टाळ-मृदंगाचा नाद

त्या काळी करमणुकीची साधने ती किती! पण या घराला करमणुकीची वाण नव्हती. टिळक 'फुलामुलांचे कवी' म्हणून ओळखले जातात. रानातील फूल, पाखरू, लेकरू दिसले की त्यांची कविता जागी होई. मुलांना गोष्टी सांगाव्यात, गाणी रचून द्यावीत, रानात फिरावयास न्यावे, यात त्यांना अपरिमित आनंद वाटे.

याच घरात एक पोरसवदा कवी येऊन राहिला. त्याचे नाव त्र्यंबक बापूजी ठोमरे. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात ज्याला 'बालकवी' ही पदवी मिळाली, तोच हा. अहमदनगरच्या त्या घरात त्याला टिळकांच्या रूपाने गुरू मिळाला आणि लक्ष्मीबाईंच्या रूपाने माया मिळाली. ठोमरे हिंदू आणि घर ख्रिस्ती. पण कवितेच्या पंक्तीला सोवळे कोठले? १९१८ साली मे महिन्यात जळगावजवळ रेल्वेखाली सापडून या तरुण कवीचा अंत झाला, तेव्हा लक्ष्मीबाईंना पोटचे पोर गेल्याचे दुःख झाले असल्यास नवल नाही.

आणि मग कीर्तन! भाविक वाचकांस आश्चर्य वाटेल, परंतु अहमदनगरकडे ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा टिळकांच्याही आधीची आहे. कृष्णराव सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकात तेथे ती रुजविली. टिळक तर मुळात हाडाचे कीर्तनकार. तेच नमन, तोच पूर्वरंग, तेच अभंगावरील निरूपण, मग उत्तररंगात आख्यान. फक्त ध्रुवाच्या अथवा हरिश्चंद्राच्या जागी आख्यान येई ते उधळ्या पुत्राचे किंवा येशूच्या जन्माचे. टाळ तोच, मृदंगही तोच. खेड्यापाड्यांतील माणसे रात्र रात्र बसून ऐकत. विलायती चालींवरील गीतांनी मराठी काळजाची तार छेडली जाणार नाही, हे टिळकांनी ओळखले होते. म्हणून त्यांनी अभंग, ओवी, पदे अशी शेकडो रचना केली. ती आजही महाराष्ट्रातील चर्चमधून गाइली जातात. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे ते सांगत. देहूच्या वाण्याचा हा केवढा गौरव!

ही परंपरा पाहू गेल्यास आणखीही मागे जाते. इंग्लंडात जन्मलेले फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात राहून मराठी आत्मसात केली आणि ख्रिस्तचरित्र मराठी ओवीत गाइले. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. त्या वेळी तुकोबा अद्याप बालवयात होते. तेव्हा, ओवी ही सर्वांचीच माउली. कोणत्याही लेकराने तिचा पदर धरावा, तिने कोणालाही दूर लोटलेले नाही.

मायलेकरांचे ऋण

टिळक १९१२ पासून 'ज्ञानोदय' पत्राच्या मराठी विभागाचे संपादक होते. परंतु पगार, पद, बंगला या गोष्टींनी त्यांचा जीव गुदमरे. अखेरीस १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि सातारा येथे 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, सर्वच ख्रिस्तभक्त त्या दरबारात यावेत अशी त्यांची कल्पना होती. संन्यास हा मूळचा आपला आदर्श. तो या ख्रिस्ती कवीला अखेरच्या वळणावर पुन्हा खुणावून गेला. मात्र संन्याशाची पत्नी होणे काय असते, हे लक्ष्मीबाईंनाच ठाऊक! पतीच्या प्रत्येक निर्णयाची किंमत त्यांनी मोजली आणि त्याबद्दल लिहिताना विनोदाचा धागा सोडला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईस टिळकांचे देहावसान झाले.

त्यांनी 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य हाती घेतले होते. पहिले काही अध्याय होतात न होतात तोच लेखणी थांबली. ज्या लक्ष्मीबाईंना पतीने अक्षरे गिरवावयास शिकविले, त्यांनीच पुढे साठांहून अधिक अध्याय रचून ते काव्य पुरे केले. आणि २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्याही गेल्या, तेव्हा 'स्मृतिचित्रे' अपुरी होती. तिचा शेवटचा भाग पूर्ण केला तो देवदत्त नारायण टिळक यांनी. म्हणजे कोण? तोच तो दत्तू! ज्याच्या बालपणीच घर दुभंगले, जो पाच वर्षे आई एकीकडे आणि बाप दुसरीकडे अशा स्थितीत वाढला, त्याच मुलाने मोठेपणी आईबापांच्या संसाराचा धागा जुळवून तो आपल्या हाती सोपविला.

कोणत्याही धर्माच्या तरुण आईबापांना याहून मोठे फळ ते कोणते मिळावयाचे? मुलांना आपण देवाची नावे शिकवितो, श्लोक व प्रार्थना शिकवितो. परंतु ती मनात धरून ठेवतात ते मात्र निराळेच असते. मतभेद झाला तेव्हा आईबाप एकमेकांशी कसे वागले, दारी आलेल्या भुकेल्यास त्यांनी काय दिले, रागानंतर कोण आधी बोलले, हेच त्यांच्या लक्षात राहते. दत्तूने पाहिले, की वडिलांनी आईवर आपली श्रद्धा लादली नाही आणि आईने दुरावलेल्या वडिलांना टाकले नाही. त्या घराचा खरा वेद तोच होता.

टिळकांचे धर्मांतर पटणे किंवा न पटणे हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. त्यांच्या आप्तांचे दुःख खरे होते, आणि लक्ष्मीबाईंनी ढाळलेले अश्रूही खरे होते. श्रद्धेची वाट बदलते तेव्हा कोणाच्या तरी काळजावरून ती जाते, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु वाट बदलली म्हणून माणूस परका होत नाही, हे या संसाराने आपल्याला दाखवून दिले. कोकणच्या मातीत जन्मलेला, तुकोबांच्या अभंगांवर पोसलेला, मराठी मुलाफुलांवर जीव टाकणारा हा माणूस आपला होता आणि आपलाच राहिला.

आज सायंकाळी शेजारच्या घरून ताट येईल. करंजी उचलताना या घराची आठवण ठेवावी. आणि ताट परत करताना ते रिकामे करू नये, ही आपल्या आजीने घालून दिलेली रीत. घरात असेल ते, निदान चिमूटभर साखर तरी, त्यात जरूर घालावी.